ऐकण्याचा परवाना

२०२५ च्या पावसाळ्यात आम्ही एक अर्ज भरायला बसलो आणि तिसऱ्या प्रश्नावर अडलो. अर्ज होता 'ट्रॉमा थेरपिस्ट' होण्याच्या प्रशिक्षणाचा. अपघात, पूर, दंगल, अत्याचार, जवळच्या माणसाचा डोळ्यांदेखत मृत्यू, अशा आघाताने ज्याचं मन जागच्या जागी थिजून जातं, त्याला त्यातून बाहेर यायला मदत करणारा जाणकार, असा त्याचा अर्थ. पहिला प्रश्न नाव-गावाचा, दुसरा शिक्षणाचा. तिसरा असा की, आपल्याला हे काम का करावंसं वाटतं?

नाव-गाव लिहिलं. मुक्काम येडगाव, तालुका जुन्नर. शिक्षण बी.ए., बी.एड. नोकरी उर्दू माध्यमाच्या शाळेत. तिसऱ्या ओळीत 'समाजसेवा' असं लिहून मोकळं होता आलं असतं. सगळे तेच लिहीत असावेत. पण खरं उत्तर वेगळं होतं. आमच्या हातून एका मुलाचं वाईट झालं होतं.

येडगावला कुकडी नदीवर धरण आहे. तिथून निघणारा डावा कालवा पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत थेट करमाळ्यापर्यंत पाणी नेतो. कालव्याला आवर्तन सुटलं की आमच्याकडची हवासुद्धा बदलते. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या पाण्याचा आवाज येतो. शेतकऱ्याला तो आवाज गोड वाटतो. आमच्या सहावीच्या वर्गातल्या एका मुलाला मात्र तो ऐकवत नसे. त्याचा थोरला भाऊ अशाच एका आवर्तनात वाहून गेला होता आणि हा काठावर उभा होता.

चाळिसावा झाल्यावर मुलगा शाळेत आला. गप्प असायचा. अभ्यास करायचा, डबा खायचा, पण बोलायचा नाही. बी.एड.ला मानसशास्त्राच्या पेपरात आम्ही 'विरेचन' नावाचा शब्द शिकलो होतो. मनात कोंडलेलं बाहेर पडलं की मन मोकळं होतं, असं टिपणात लिहिलेलं होतं आणि त्यावर गुणही मिळाले होते. घरातली मोठी माणसंही हेच सांगतात, रडून घे, हलकं वाटेल. तेव्हा एके दिवशी भावंडांवरचा धडा चालू असताना आम्ही त्याला जवळ बोलावलं, पाठीवरून हात फिरवला आणि सगळ्या वर्गासमोर म्हणालो, बेटा, तू भी कुछ बता, बोलने से दिल हलका होता है.

तो बोलला. सगळंच बोलला. चप्पल कुठे राहिली, हात कसा वर आला, कुठे दिसेनासा झाला. वर्ग रडला, आम्ही रडलो. त्या दिवशी एस.टी.त बसून घरी येताना आम्हाला फार समाधान वाटत होतं. त्या समाधानाची आज जितकी लाज वाटते, तितकी आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मुलगा शाळेत आला नाही. बारा दिवस. रात्री किंचाळून उठायला लागला. वुजूला बसेना, मशिदीच्या हौदाकडे बघेना. तेराव्या दिवशी त्याची आई शाळेत आली. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "टीचर, आपने अच्छे के लिए पूछा होगा. पर मेरा एक बच्चा नहर में डूबा और दूसरा आपकी क्लास में."

आमच्या सहकाऱ्यांनी समजूत घातली. तुमची नियत चांगली होती, नियतीवरच सगळं असतं. हे वाक्य आपल्या समाजात फार चालतं आणि त्याच्या आडोशाला पुष्कळ काही लपतं. नियत हा बंदा आणि अल्लाह यांच्यामधला हिशेब आहे. पण आपल्याकडे दुसरीही एक वही सांगितलेली आहे, हुकूकुल इबादची, माणसांच्या हक्काची. तिथे ज्याचं नुकसान झालं त्यानेच माफ करायचं असतं. त्या मुलाच्या वहीत आमची नियत कुठल्या कामाची? चुकीचं औषध प्रेमाने पाजलं म्हणून ते कमी बाधत नाही.

मग आम्ही वाचायला लागलो. हे आधी करायला हवं होतं, ते नंतर केलं. वाचल्यावर कळलं की आमची चूक एकट्या येडगावची नव्हती, मोठमोठ्या शहाण्यांनी ती पद्धतशीर केलेली होती. १९८३ साली अमेरिकेत जेफ्री मिशेल यांनी आग विझवणाऱ्या आणि रुग्णवाहिकेवरच्या कर्मचाऱ्यांसाठी एक रीत मांडली. प्रसंग घडल्यावर लवकरच सगळ्यांना बसवायचं आणि काय पाहिलं, काय वाटलं ते बोलून घ्यायचं. तिला 'डीब्रीफिंग' म्हणतात. रीत एवढी पटण्यासारखी होती की पुढे ती सगळ्यांनाच लावली गेली. १९९७ साली वेल्समधल्या जोनाथन बिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाजलेल्या रुग्णांवर ती तपासून पाहिली. काहींना असं बोलतं केलं, काहींना तसंच सोडलं. तेरा महिन्यांनी पाहिलं तर बोलतं केलेल्यांपैकी शंभरात २६ जणांना आघातानंतरचा मनोविकार जडलेला होता. तसंच सोडलेल्यांत हे प्रमाण शंभरात ९ होतं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेनेही ताज्या आघातानंतर ही रीत वापरू नये असं सांगितलं. २०११ साली तिने मानसिक प्रथमोपचाराची जी पुस्तिका काढली, तिचा भर आजूबाजूला पाहणं, ऐकणं आणि माणसाला योग्य मदतीशी जोडून देणं यावर आहे. ऐकणं म्हणजे समोरचा बोलला तर ऐकणं. त्याला बोलायला लावणं नव्हे.

याचा अर्थ दुःख कधी बोलूच नये असा नाही. आघातावरच्या उपचारात जाणकार माणूस आठवणीला हात घालतोच. पण कधी, किती आणि कुठे थांबायचं हे तो शिकलेला असतो. आधी रुग्णाच्या पायाखाली जमीन तयार करतो. आम्ही जमीन न बघताच मुलाला पाण्यात लोटलं.

हे वाचताना आम्हाला माळीण आठवलं. आमच्या शेजारच्या आंबेगाव तालुक्यातलं गाव. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खाली आला. नेहमीच्या एस.टी.चा चालक तिथे पोहोचला तर त्याला गावच दिसेना. १५१ माणसं गेली. शाळेची इमारत तेवढी उभी राहिली. आमचं बी.एड. तेव्हा नुकतंच झालं होतं, ते त्या काळी एकाच वर्षाचं असे. मदतीचं सामान घेऊन निघालेल्या एका टेम्पोबरोबर आम्हीही घोडेगावला गेलो होतो. तांदूळ, चादरी उतरवल्या आणि मग तिथे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईला आम्ही विचारलं, तुमचे किती गेले? तिने बोटांवर मोजून दाखवलं. आमच्या आधी कितीजणांनी विचारलं असेल आणि तिने कितीदा बोटं मोजली असतील! त्या बाईला चादरीची गरज होती. आकड्याची गरज आम्हाला होती, घरी जाऊन सांगायला. पुढे २०१७ साली आमडे इथे नवं माळीण उभं राहिलं, घरं मिळाली. त्या बोटांचं काय झालं असेल, हे आम्हाला माहीत नाही.

पुरसा द्यायला जाण्याची आपली रीत चांगली आहे. तीन दिवस शेजाऱ्यांनी जेवण पाठवावं, घरात चूल पेटवायची वेळ येऊ देऊ नये, ही तर फारच शहाणी रीत. पण तिच्यात "कैसे हुआ?" हा प्रश्न कधी शिरला कोण जाणे. येणारी प्रत्येक बाई तो विचारते आणि घरातल्या बाईला प्रत्येकीसाठी पहिल्यापासून सांगावं लागतं.

तर असं सगळं मनात घेऊन आम्ही प्रशिक्षण शोधायला निघालो. दोन ठिकाणं सापडली. एका ठिकाणी शनिवार-रविवार दोन दिवस मोबाईलवर वर्ग, पात्रतेची अट नाही, पैसे भरले की नावापुढे 'सर्टिफाइड' लावायला मोकळे. दुसऱ्या ठिकाणचा अर्ज लांबलचक. मानसशास्त्रातली पदव्युत्तर पदवी आहे का? प्रत्यक्ष रुग्णांबरोबर किती तास काम केलं? तुमच्या कामावर देखरेख कोण करतं? तुमच्या स्वतःच्या आघातांवर तुम्ही कधी उपचार घेतला आहे का? हा शेवटचा प्रश्न वाचून आधी रागच आला. मग वाटलं, त्या वर्गात रडत होतो ते मुलासाठी की स्वतःसाठी, हे आम्हाला कुणी विचारलं असतं तर बरं झालं असतं. आमचा तिसऱ्या प्रश्नावर अडलेला अर्ज हाच. तो तसाच पाठवला. आठ दिवसांत नकार आला. सभ्य भाषेत, पण स्पष्ट. आपण पात्र नाही.

आम्हाला वाईट वाटलं, पण विश्वासही त्यांच्यावरच बसला.

आमच्या मोहल्ल्यात एक वयस्कर खाला बायकांच्या मय्यतीला गुस्ल देतात. आम्ही त्यांच्याकडे ते शिकायला गेलो होतो, तेव्हा पहिल्या तीन मय्यतींना त्यांनी आम्हाला फक्त बदना धरायला लावला. पाणी किती कोमट हवं, धार कुठून सोडायची, वरची चादर न सरकवता खालून हात कसा न्यायचा हे नुसतं बघायचं. चौथ्या वेळी हात लावू दिला. आपल्या सख्ख्या माणसाला गुस्ल द्यायचा आग्रह एखादी लेक धरते, तेव्हा खाला तिला नाही म्हणत नाहीत, पण शेजारी उभ्या राहतात. आणि पहिल्या दिवसापासून त्यांची एक अट होती. मय्यतीच्या अंगावर जे दिसेल ते तिथेच झाकायचं, दाराबाहेर न्यायचं नाही. देखरेखीखालचे तास आणि गोपनीयता म्हणून त्या अर्जात जे छापलं होतं, ते खालांनी आम्हाला एकही इंग्रजी शब्द न वापरता शिकवलेलं होतं. मेलेल्या देहाला हात लावायला आपण एवढी शिस्त मानतो. जिवंत मनाला मात्र कुणीही, कधीही, कुठेही हात घालतो.

इथवर आमचा विचार सरळ होता. ज्याला येत नाही त्याने करू नये. पण पुढे तो अडतो. गुस्ल हा फर्जे किफाया आहे. वस्तीतल्या काहींनी केला तर सगळ्यांचा भार उतरतो, कुणीच केला नाही तर सगळी वस्ती गुन्हेगार. मग आमच्या वस्तीत आघात झालेल्या मुलाला सांभाळायला शिकलेला माणूस कुठे आहे? धरण-कालवे आमच्याकडे, उसातला बिबट्या आमच्याकडे, पुणे-नाशिक रस्त्यावरचे अपघात आमच्याकडे, आणि ज्याच्याकडे मूल न्यायचं तो जाणकार पुण्यात. तिथे मजुरी बुडवून दर आठवड्याला कोण नेणार? आणि नेलं तरी मुलाने आपली भीती कुठल्या भाषेत सांगायची?

म्हणून आम्ही म्हटलं, चला, एम.ए.पासून सुरू करू. नोकरी सांभाळून दूरशिक्षणाने मानसशास्त्र शिकण्याची सोय कित्येक वर्षं होती. आमच्यासारख्यांनी त्याच वाटेने जावं असा विचार केला, आणि त्याच पावसाळ्यात विद्यापीठ अनुदान आयोगाने ती वाट बंद केली. मानसशास्त्र आता आरोग्यसेवेच्या शिक्षणात धरलं जातं, तेव्हा ते दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन शिकवू नये, असा निर्णय. कारण तेच, घरबसल्या मिळालेल्या ज्ञानाने रुग्णाला अपाय होऊ शकतो. म्हणजे आम्ही ज्या कडकपणाचं मनापासून कौतुक केलं, त्यानेच आमच्या तोंडावर दार लावलं. आणि तक्रार तरी कोणत्या तोंडाने करायची? आमच्या वर्गातला तो मुलगा त्या नियमाच्या बाजूने साक्ष द्यायला उभा आहे.

नियमित वर्गाला जायचं तर दोन वर्षं बिनपगारी रजा, पुण्यात राहणं. घरात हिशेब मांडून झाला आहे, अजून जमलेला नाही. तोवर मानसिक प्रथमोपचार तेवढे शिकलो. शाळेच्या फळ्याच्या कोपऱ्यात सरकारच्या टेली-मानसचा नंबर लिहिला आहे, १४४१६. पुरशाला गेलो की काही विचारत नाही, भांडी घासून येतो. बायकांना ते विचित्र वाटतं. "आई और चूप बैठी," असं पाठीमागे बोलतात.

राहिली माफी. त्याच्या आईची मागितली. ती "छोडो टीचर" म्हणाली. पण हक्क तिचा नव्हता, मुलाचा होता. त्याची माफी मागायची तर तो दिवस पुन्हा काढावा लागेल. मग ती माफी त्याच्यासाठी की आमच्या वहीतली रेघ पुसायला? इथे कुठली वही कामाला येते, हे आम्हाला अजून कळलेलं नाही. एका आलिमसाहेबांना विचारलं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, त्याच्यासाठी दुआ करत राहा. त्यांचं ते गप्प राहणं आम्हाला जास्त पटलं.

मुलगा आता नववीत आहे. गेल्या आवर्तनात कालव्याच्या पुलाजवळ एस.टी.ची वाट पाहत उभा होता. आम्ही शेजारी जाऊन उभे राहिलो. पाणी काठोकाठ चाललं होतं.

"टीचर, आज आवाज बहुत है," तो म्हणाला.

"हां," आम्ही म्हणालो.

एस.टी. यायला वीस मिनिटं लागली.