कौतुकाचं पान

हौशी प्रोग्रामरकडे गेमिंग मासिकांनी दुर्लक्ष केलं, अशी तक्रार नेहमी होते. मला ती अर्धीच खरी वाटते. १९८१च्या नोव्हेंबरात ब्रिटनमध्ये 'कॉम्प्युटर अँड व्हिडिओ गेम्स' सुरू झालं, तेव्हा वाचकांनी घरी टाइप करून चालवायचे बेसिकमधले अख्खे प्रोग्राम त्यात छापून येत. एक अक्षर चुकलं की खेळ बंद, मग चूक टाइप करणाऱ्याची असो वा छापणाऱ्याची. अमेरिकेतल्या 'कम्प्यूट!' मासिकानं तर टाइप केलेल्या ओळी तपासून देणारा छोटा प्रोग्रामच वाचकांच्या हाती दिला. या व्यवहारात बरोबरी होती. वाचणारा, खेळणारा आणि लिहिणारा एकच असू शकतो, हे मासिकानं धरून चालायचं. कोड उघडा असल्यानं तो कुणालाही बदलता येई, आणि त्यातच लिहिणाऱ्याची परीक्षा होई.

कन्सोलनं हे सगळं मोडलं. निन्टेंडोनं १९८५ मध्ये अमेरिकेत आणलेल्या यंत्रात परक्यांची कार्ट्रिज अडवणारी चिप होती आणि १९८८ मध्ये 'निन्टेंडो पॉवर' हे मासिकही कंपनीनंच काढलं. (यंत्राची कुवत नव्हती असं मात्र नाही, जपानात त्याच्याच भावंडासाठी १९८४ मध्ये कीबोर्डसह 'फॅमिली बेसिक' विकायला आलं होतं.) परवान्याशिवाय खेळ करता येईना, तेव्हा वाचकाचा निव्वळ ग्राहक झाला.

सोनीनं १९९६ मध्ये जपानात आणि पुढच्या वर्षी युरोप-अमेरिकेत 'नेट यारोझे' आणलं, तेव्हा हौशी माणूस परत आला. काळ्या रंगाचा प्लेस्टेशन, पीसीला जोडायची केबल, सी भाषेची साधनं. ब्रिटनमध्ये किंमत सुमारे ५५० पौंड. पण त्यावर केलेले खेळ साध्या प्लेस्टेशनवर चालत नसत. ते सामान्य खेळाडूपर्यंत पोचले ते सोनीच्या परवान्यानं निघणाऱ्या अधिकृत मासिकाच्या डेमो डिस्कवरून. एखाद्या अंकात 'नवोदितांचं पान' असावं, तशी ती जागा होती: प्रेमानं दिलेली, पण मुख्य परीक्षणांच्या रांगेबाहेरची. शिवाय कोड आता झाकलेला. वाचकाला खेळ मिळाला, पण त्यात हात घालायची सोय गेली.

यावर कुणी म्हणेल की हे खेळ कच्चे होते, आणि मासिकाचा वाचक पैसे मोजतो ते दुकानातलं काय घ्यावं हे कळावं म्हणून. कच्चे होतेच, पण का, तेही पाहायला हवं. साडेसहाशे मेगाबाइटची सीडी व्यावसायिकांच्या दिमतीला असताना यारोझेवाल्याला चित्रं, आवाज, कोड सगळं यंत्राच्या साडेतीन मेगाबाइट स्मृतीत कोंबावं लागे. एवढ्या जागेत काय साधलं आणि काय हुकलं, हा समीक्षेचा उत्तम विषय होता. 'डेव्हिल डाइस' याच यंत्रावर जन्मला आणि १९९८ मध्ये पेटीत बांधून दुकानात आला. त्यानंतर त्याची रीतसर परीक्षणं झाली. मधल्या काळात त्यावर पुष्कळ काम झालं असणार, हे मान्य. पण कल्पना तीच होती, आणि ती तोलून पाहायला पेटीची वाट का बघावी लागली, याचं उत्तर दर्जात सापडत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मासिकानं डिस्कवर जागा दिली नसती, तर हे खेळ कुणी पाहिलेच नसते. मग कुरकुर कशाला? हे ऋण मोठं आहे, नाकारण्यात अर्थ नाही. तरी प्रसार आणि दखल या दोन गोष्टी आहेत. खेळ फुकट वाटला की त्याच्याबद्दल कठोर बोलणं असभ्य वाटू लागतं, आणि हौशी माणसाला नेमकं तेच बोलणं हवं असतं. २००४ मध्ये निघालेल्या 'रेट्रो गेमर'मध्ये ते काही प्रमाणात परत आलं. तिथला हौशी खेळांचा स्तंभ जेसन केल्क यांनी बराच काळ लिहिला. ते स्वतः जुन्या यंत्रांवर प्रोग्राम लिहिणारे होते. आणि त्या यंत्रांसाठी परवाना मागणारं तोवर कुणी उरलं नव्हतं.