ब्लँकेट हातात असताना विचारलेला प्रश्न

बाभुळगावात माझं छोटंसं संगणकाचं दुकान आहे. पीक विम्याचे फॉर्म, सातबारा, लग्नपत्रिका, जे येईल ते काम करतो. डिसेंबरच्या सुरुवातीला यवतमाळकडच्या एका लहानशा चर्चचे पाळक आले. त्यांची वेबसाइट गेल्या वर्षी मीच बनवली होती. म्हणाले, "भाऊ, नाताळ आला. साइट जरा सजवून द्या."

बरंचसं काम सोपं होतं. २४ तारखेच्या रात्रीची आणि २५ तारखेच्या सकाळची उपासना, कॅरल गाणारी पोरं कोणत्या दिवशी कोणत्या वस्तीत जाणार, याचं वेळापत्रक टाकलं. तयार डिझाइनमध्ये बर्फ पडत होता, तो काढला. आमच्याकडे डिसेंबरात पांढरं दिसतं ते शेतातलं. गव्हाणीवर बर्फ म्हणून पसरतात तोही कापूसच. त्याचाच फोटो वर लावला.

अडलो ते 'सेवाकार्य' या पानावर.

तिथे गेल्या नाताळातल्या ब्लँकेटवाटपाचे फोटो टाकायचे होते. काढले होते मीच. त्यातल्या एका फोटोत एक आजी आहे. मी "काढू का आजी?" असं विचारलं होतं. "काढ बाबू, काढ," ती म्हणाली आणि त्याच क्षणी तिने पदर तोंडावर ओढला. तोंडाने होकार, पदराने नकार. त्यातलं खरं उत्तर कोणतं?

हा प्रश्न मला सुचला, कारण मी स्वतः त्या जागी उभा राहिलो आहे. सातवीत असताना एका संस्थेने आम्हाला वह्या दिल्या. पहिला फोटो हलला म्हणून वह्या परत घेतल्या आणि पुन्हा दिल्या. मग प्रमुख पाहुणे उशिरा आले म्हणून तिसऱ्यांदा दिल्या. वह्या चांगल्या होत्या, वर्षभर पुरल्या. तरी आठवतं ते काय, तर तीनदा हात पुढे करणं.

पाळकसाहेबांना हे सांगितलं. ते रागावले नाहीत, पण त्यांचा मुद्दा खरा होता. "फोटो पाहून लोक देणगी देतात. फोटो नसेल तर विचारतात, पैसे गेले कुठे? यंदा ब्लँकेटं कमी पडली तर त्या आजीला मी काय सांगू?"

याला इतिहासाचाही आधार आहे. १८९९-१९०० च्या दुष्काळाने वऱ्हाडही होरपळलं होतं. अमेरिकेतल्या 'ख्रिश्चन हेराल्ड' साप्ताहिकाने भारतातल्या भुकेल्या माणसांचे फोटो छापून मदत गोळा केली. १९०० साली मका भरलेलं 'क्विटो' नावाचं जहाज न्यूयॉर्कहून मुंबईला आलं. फोटोंनी माणसं जगवली, हे नाकारता येत नाही. पण दुष्काळाचे ते जुने फोटो आजही नेटवर सापडतात. बरगड्या मोजता येतात, नाव मात्र बहुतेकांचं कुठेच नाही. मका खाऊन संपला, फोटो उरला.

गंमत म्हणजे सांताक्लॉजची मूळ गोष्टच गुपचूप देण्याची आहे. चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा इथे निकोलस नावाचा बिशप होता. दंतकथा सांगते, की एका गरीब बापाच्या तीन मुलींच्या लग्नासाठी त्याने रात्रीच्या अंधारात खिडकीतून सोन्याच्या थैल्या टाकल्या. बापाला कुणापुढे मान खाली घालावी लागू नये म्हणून. आणि आपल्या अमरावतीकडचे गाडगेबाबा! नाशिक, पंढरपूर, आळंदीला त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या, पण कुणाला पाया पडू देत नसत. त्यांची पुण्यतिथीही २० डिसेंबरला, ऐन नाताळाच्या तोंडावर येते. देणारा मोठा झाला नाही, की घेणारा आपोआप लहान होत नाही.

मग मला वाटायला लागलं, माझी चूक फोटो काढण्यात नव्हती, विचारण्याच्या वेळेत होती. ब्लँकेट हातात असताना "काढू का?" विचारलं, तर ती परवानगी नसते, परतफेड असते. 'नाही' म्हटलं तर पुढच्या वर्षी यादीत नाव राहील का, ही भीती मनात असताना माणूस 'हो'च म्हणणार. ज्याला 'नाही' म्हणून काही गमवावं लागत नाही, त्याचाच होकार खरा. मंडळीच्या सहलीचे फोटो मी बिनधास्त टाकले, ते यामुळेच. तिथे कुणीही "माझा फोटो काढून टाक" असं हक्काने सांगू शकतो.

शेवटी आम्ही असं ठरवलं. वाटपाआधी रचलेल्या ब्लँकेटांचा एक फोटो. किती आणली, किती रुपये लागले, याचा हिशेब आणि दुकानाच्या बिलाची प्रत. चेहरे नाहीत. पाळकसाहेब निघताना म्हणाले, "हिशेब कोण वाचतो भाऊ? लोक चेहरे बघतात." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. यंदा देणगी घटली, तर त्या थंडीचा थोडा वाटा माझ्याही माथी येईल, हे मला कळतं.

आजीचा फोटो मी साइटवरून काढला, मोबाइलमधूनही काढला. या वेळी वाटपाला जाईन तेव्हा ब्लँकेटं उचलायला जाईन. मोबाइल दुकानातच चार्जिंगला राहील.