काळविटांच्या वाटेवर

पाऊस सरला, शरद आला, की अहिल्यानगर जिल्ह्यातलं कर्जत तालुक्याचं रेहेकुरी अभयारण्य पाहावं. 1980 साली काळविटांसाठी राखलेलं हे माळरान जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं. गवत गुडघ्याला लागतं, चालताना कुसळं कपड्यांत शिरतात.

पाहुण्यांना इथं फिरवणारा जाणता वाटाड्या आधी जमीन दाखवतो. एकाच जागी साचलेला लेंड्यांचा ढीग, म्हणजे नराच्या हद्दीची खूण. मग बाभळीची एखादी काडी. डोळ्यापुढच्या ग्रंथीतला काळपट, चिकट स्राव नरानं तिच्या टोकाला पुसून ठेवलेला असतो. काळवीट दिसण्याआधीच त्याचं घर कळतं. माझ्या मते सहलीचा खरा आनंद इथंच आहे.

पण वाटाड्याचं सर्वांत मोठं काम थांबवण्याचं. फोटोसाठी कुणी कळपामागे धावू लागला, तर त्याला हात धरून थांबवायचं. आणि गवतात पाडस एकटं दिसलं, तर दुरूनच मागं फिरायचं. ते पोरकं नसतं. आईनंच त्याला लपवून ठेवलेलं असतं, आणि ती जवळच चरत असते. दया म्हणून उचललेलं पाडस आईला कायमचं मुकतं.

सुट्टीत मुलांना घेऊन माळरानावर जरूर जा. भडक कपडे नकोत, मोठा आवाज नको. आणि वाटाड्या ‘इथंच थांबा’ म्हणाला, की थांबा.