छायेचे वस्तुत्व

अंधार आणि सावली यांना स्वतंत्र अस्तित्व आहे की त्या केवळ प्रकाशाच्या अनुपस्थितीला दिलेल्या संज्ञा आहेत, या प्रश्नाने भारतीय दर्शनकारांना शतकानुशतके गुंतवून ठेवले. वैशेषिक दर्शनाचा प्रणेता कणाद तमाला तेजाचा अभाव मानतो. उलट भाट्ट मीमांसक, म्हणजे कुमारिलाच्या परंपरेतील विचारवंत, अंधाराचा काळा रंग दिसतो आणि सावली हलताना दिसते, म्हणून गुण व क्रिया असणारे ते द्रव्यच होय, असे प्रतिपादन करतात. त्यावर नैयायिकांचे, म्हणजे न्याय दर्शनाच्या अनुयायांचे, उत्तर असे की, हलते ती सावली नव्हे, तर प्रकाश अडवणारी वस्तू, आणि तिच्यासोबत अभावाची जागा सरकते, एवढेच. इ. स. 991 मध्ये ‘न्यायकन्दली’ लिहिणाऱ्या श्रीधराने तर तम म्हणजे आरोपित काळा रंग, अशी वेगळीच भूमिका घेतली. जैन दर्शनात मात्र छायेला निःसंकोच स्थान आहे, कारण उमास्वातीच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’च्या पाचव्या अध्यायात तम आणि छाया यांची गणना पुद्गलाच्या, म्हणजे जडद्रव्याच्या, अवस्थांमध्ये होते.

लहान वस्तूंच्या विक्रीसाठी छायाचित्रे घेताना वापरले जाणारे लाइट पॅड हे साधन या वादाला एक मूर्त रूप देते. त्यात ॲक्रिलिकच्या पातळ तक्त्याच्या कडेला एलईडी दिवे बसवलेले असतात. कडेतून शिरलेला प्रकाश तक्त्याच्या दोन्ही पृष्ठांवर आतल्या आत परावर्तित होत पुढे सरकतो आणि तक्त्यावर केलेल्या बारीक ठिपक्यांवर विखुरला जाऊन वर येतो. त्यामुळे तक्त्यावर ठेवलेल्या वस्तूभोवती शुभ्र पार्श्वभूमी तयार होते आणि तिची जमिनीवर पडणारी सावली नाहीशी होते. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील धावडा हे गाव ज्या भागात आहे, तो मिरचीसाठी ओळखला जातो. तेव्हा वाळलेल्या लाल मिरचीचेच उदाहरण घेतले, तर खालून आलेला उजेड तिच्या पातळ सालीतून आरपार जातो, आतील बिया साल न फाडता दिसू लागतात, आणि एरवी चाकूशिवाय न कळणारे अंतरंग चित्रात उतरते. हा लाभ खरोखर मोठा आहे, आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

परंतु याच प्रकाशात सालीवरच्या सुरकुत्या सपाट होतात, कारण उंचसखलपणाचे ज्ञान डोळ्याला बाजूने येणाऱ्या उजेडातून आणि त्याने पाडलेल्या बारीक सावल्यांतून होते. शिवाय कॅमेऱ्याचे मापन पांढऱ्या पार्श्वभूमीने फसून वस्तू काळवंडते, म्हणून प्रकाशमात्रा एक-दोन स्टॉप वाढवावी लागते. ती जराशी अधिक झाली, की सभोवतालचा उजेड कडांवर पसरून देठाचे नाजूक टोक गिळून टाकतो. ज्या प्रकाशाला नैयायिक प्रत्यक्ष ज्ञानाचे सहकारी कारण, म्हणजे ज्ञान घडण्यास मदत करणारा घटक मानतात, तोच येथे ज्ञानाचा आवरणकर्ता बनतो. सावलीला केवळ अभाव मानणाऱ्या मताची अडचण याच ठिकाणी उघड होते: जे काहीच नाही, ते गेल्याने इतके काही कसे हरवते? नैयायिक अर्थात म्हणेल की अभावही ज्ञानाचा विषय असतो, आणि ते उत्तर कमी प्रतीचे नाही. तरी मिरचीपुढे बसलेल्या माणसाला जैनांचे म्हणणे अधिक जवळचे वाटावे.

सावलीसोबत हरवणारे हे ज्ञान मिरचीपुरतेच नाही. त्याच तालुक्यातील भोकरदन, म्हणजे प्राचीन भोगवर्धन, येथे 1973 मध्ये झालेल्या उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक खंडित अवशेष मिळाला, आणि 1938 मध्ये इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी त्याचे साम्य अभ्यासकांनी दाखवून दिले. असे साम्य कोरीव रेषांवरून ठरते, आणि कोरीव रेष म्हणजे ज्या खोलगटीत सावली साचते ती जागा. अशी वस्तू नुसत्या खालच्या उजेडावर पाहिली, तर बाह्यरेखा स्पष्ट मिळते आणि शिल्पकाराचा हात मात्र अदृश्य होतो.

जैन तर्कशास्त्रात नय ही संज्ञा अंशतः सत्य असलेल्या दृष्टिकोनासाठी योजली आहे. तो दृष्टिकोन इतरांना नाकारून स्वतःलाच पूर्ण सत्य मानू लागला, की त्याला दुर्नय म्हणतात. सावलीरहित चित्र हा नय आहे, खोटेपणा नव्हे. दुर्नय तेव्हा घडतो, जेव्हा खरेदीदाराला तेवढेच दाखवून वस्तू तेवढीच आहे असे भासवले जाते, आणि वजनाने जमिनीवर टेकणारी, हातात खरखरीत लागणारी मिरची प्रकाशात तरंगणाऱ्या आकृतीच्या मागे लपते. म्हणून पॅड विझवून, खिडकीचा तिरपा उजेड घेऊन, त्याच मिरचीचे दुसरे चित्र पहिल्याशेजारी ठेवणे ही केवळ तंत्राची बाब राहत नाही; ते विक्रेत्याने सत्याशी केलेले वर्तन असते, आणि त्या दुसऱ्या चित्रात देठाखाली पडलेली लहानशी काळी रेघ मिरची कोठे टेकली आहे हे सांगते.