प्रश्न कोणी वाचून दाखवला?

कापूस वेचून आलेल्या बाईला ‘सुटकेस उचलताना त्रास होतो का?’ असं विचारलं, तर ती आधी विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघेल. कर्करोगाच्या रुग्णाचं आयुष्य कसं चाललं आहे हे मोजण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या, ईओआरटीसी या युरोपीय कर्करोग-संशोधन संस्थेच्या प्रश्नावलीतला पहिला प्रश्न याच धर्तीचा आहे. खरेदीची जड पिशवी किंवा सुटकेस उचलण्यासारखं कष्टाचं काम करताना त्रास होतो का, असं त्यात विचारलेलं आहे. पांढरकवड्याकडच्या शेतमजूर बाईचं ओझं वेगळं असतं. कमरेला कापसाने फुगलेली ओटी, संध्याकाळी काट्यावर न्यायचं गठुडं, घरी परतताना डोक्यावर पऱ्हाटीची मोळी. ‘थैली’ हा शब्द तिला कळेल, पण तिच्या लेखी थैली म्हणजे बाजारातून आणलेलं तेल-मीठ. ती म्हणेल, नाही जी, त्यात काय त्रास? कागदावर तिची तब्येत उत्तम ठरेल.

मुळात असं काही रुग्णालाच विचारायचं असतं, हे वैद्यकाला उशिरा सुचलं. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत डेव्हिड कार्नोफ्स्की यांनी शून्य ते शंभरची मोजपट्टी केली. शंभर म्हणजे ठणठणीत, शून्य म्हणजे मृत्यू आणि सत्तर म्हणजे स्वतःचं स्वतः करतो, पण कामधंदा जमत नाही. हे गुण द्यायचे डॉक्टरांनी. पट्टी सोयीची होती आणि आजही वापरात आहे, पण तिच्यात रुग्णाला तोंड नाही. १९७६ मध्ये प्रीस्टमन आणि बाउम या ब्रिटिश डॉक्टरांनी स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या बायकांपुढे कागदावर एक सरळ रेघ ठेवली आणि आपल्याला कितपत बरं वाटतं त्याची खूण त्यांनाच करायला सांगितली. मला या साऱ्या प्रवासात ती रेघ सर्वांत मोठी वाटते. पुढचं बरंचसं तिचंच बारकाईचं रूप आहे.

१९९३ मध्ये नील ॲरनसन आणि सहकाऱ्यांनी ईओआरटीसीची तीस प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. अठ्ठावीस प्रश्नांना ‘अजिबात नाही’पासून ‘खूप’पर्यंत चार उत्तरं, शेवटच्या दोन प्रश्नांना एक ते सात आकडे. ती १३ देशांतल्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ३०५ रुग्णांवर तपासली होती, आणि त्या रुग्णांचे गट होते इंग्रजी भाषक, उत्तर युरोपीय आणि दक्षिण युरोपीय. बाकी जगाकडे ती अनुवादातूनच पोचणार होती.

अनुवादाची शिस्त कडक आहे. दोघांनी स्वतंत्रपणे अनुवाद करायचा, दोन्ही ताडून एक मसुदा करायचा, तो दुसऱ्यांकडून पुन्हा इंग्रजीत आणायचा, मग थोड्या रुग्णांना दाखवून विचारायचं की काय कळलं. या उलट्या अनुवादावर माझा पूर्ण विश्वास नाही. ‘उदास’ हा शब्द पाहिला की चांगला अनुवादक मूळ इंग्रजी शब्द काय असेल ते ओळखतो आणि तोच लिहितो. ताळा जुळतो. यवतमाळात मात्र माणूस उदास नसतो, त्याला ‘करमत नाही’ किंवा त्याचं ‘मन लागत नाही’. प्रश्नावलीच्या नावापासूनच अडचण आहे म्हणा. ‘जीवनमान’ म्हटलं की पगार आणि पक्कं घर आठवतं, आणि ‘जीवनाची गुणवत्ता’ असं आपल्या घरात कोणी कधी बोललेलं नाही.

हे दुखणं एकट्या मराठीचं नाही. संयुक्त अरब अमिरातीत केलेली अरबी अनुवादाची तपासणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. अरबीत लिहायची भाषा एक आणि घरात बोलायची दुसरी, तीही देशागणिक बदलणारी. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी डोकं-मानेच्या कर्करोगासाठीची प्रश्नावली भारतीय रुग्णांवर तपासून २००५ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यात तोंड पुरेसं उघडतं का, हा प्रश्न आहे. खर्रा खाणाऱ्या विदर्भाला त्याचा अनुवाद लागत नाही.

तपासणीत मोठा मान असतो तो आकड्याला. ली क्रॉनबाख यांनी १९५१ मध्ये मांडलेला अल्फा. एकाच गोष्टीबद्दलच्या दोन-चार प्रश्नांना माणूस एकमेकांशी जुळणारी उत्तरं देतो का, हे तो सांगतो. ०.७० च्या वर गेला की सगळे निश्चिंत. आता प्रश्नावलीतले थकव्याचे तीन प्रश्न घ्या: विश्रांती घ्यावी लागली का, अशक्तपणा वाटला का, थकलात का. मूळ इंग्रजीत तिघांच्या छटा वेगळ्या. वाचून दाखवणाऱ्याने तिन्ही वेळा ‘कमजोरी वाटते का?’ असं विचारलं, तर उत्तरंही तिन्ही वेळा सारखीच येतील आणि अल्फा झकास वर जाईल. अनुवाद बिघडला आणि आकडा सुधारला! उलट, लक्ष लागतं का आणि आठवण राहते का, ही जोडी अनेक देशांतल्या तपासण्यांत अडखळली आहे. त्यातल्या पहिल्या प्रश्नात पेपर वाचणं आणि टीव्ही बघणं यांची उदाहरणं आहेत. ज्याला अक्षर येत नाही, त्याने त्यातलं काय मोजायचं?

यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजला वसंतराव नाईकांचं नाव आहे. ते पुसद तालुक्यातल्या गहुलीचे, बंजारा समाजातले. पुसद-दिग्रसच्या तांड्यांवर गोरमाटी बोलतात, झरी-मारेगावकडच्या कोलाम पोडांवर कोलामी, जी मराठीच्या नव्हे तर तेलुगूच्या कुळातली आहे. म्हणजे मुंबईत तपासून आलेला मराठी कागद इथे पोचल्यावर त्याचा आणखी एक अनुवाद होतो, तोंडी, खाटेशेजारी. तो कधी नर्स करते, कधी समाजसेवक, बहुतेकदा दहावी शिकलेली लेक. ती विचारते, “बा, आजारपणापायी पैशाचा त्रास झाला का?” बाप तिच्याकडे बघतो. तिच्याच लग्नाचे पैसे उपचारात गेलेले असतात. “नाही वं माय, कायचा त्रास?” ‘अजिबात नाही’वर गोल. अनुवाद बिनचूक, उत्तर खोटं, आणि कोणताही अल्फा ते पकडणार नाही.

पहिले दोन अनुवादक, उलटा अनुवाद करणारे, मसुदा तपासणारे, सगळ्यांची नोंद अहवालात असते. या शेवटच्या अनुवादकाची नसते. प्रश्नावलीच्या माथ्यावर रुग्णाची आद्याक्षरं, जन्मतारीख आणि आजची तारीख यांना जागा आहे. जिल्ह्यातल्या वॉर्डांत हे कागद भरून घेणाऱ्यांनी खाली पेनाने आणखी दोन रेघा आखाव्यात: प्रश्न कोणी वाचून दाखवले आणि कोणत्या बोलीत. आणि पैशाचा प्रश्न विचारताना लेकीला चहा आणायला पाठवावं.