किरण, पडदा आणि पाहणारा

छत्रपती संभाजीनगरहून पैठणच्या रस्त्याला लागलं की चितेगाव येतं. व्हिडिओकॉनचा कारखाना इथला. इथे जोडलेले रंगीत टीव्ही देशभरातल्या घरांत गेले. आजच्या मननासाठी तसा एखादा जाड पाठीचा, काचेच्या नळीचा टीव्ही मनासमोर आणा. सुरू करू नका. करड्या काचेकडे नुसतं पाहा. श्वास संथ होऊ द्या.

आता तो सुरू झाला आहे. नळीच्या मागच्या टोकाकडून इलेक्ट्रॉनचा झोत निघतो आणि काचेच्या आतल्या लेपावर आदळतो. तेवढी जागा उजळते. झोत डावीकडून उजवीकडे एक रेघ ओढतो, विझून परततो, पुढची रेघ घेतो. पैठणीच्या मागावरचा धोटा जातानाही विणतो आणि येतानाही. हा किरण मात्र परततो तो काळोखातून. आपल्याकडच्या पद्धतीत एका चित्राला ६२५ रेघा. आधी एकाआड एक रेघा, मग उरलेल्या. सेकंदाला अशी २५ पूर्ण चित्रं.

इथे थांबा. किरण एका क्षणी एकाच जागी असतो. पुढची जागा उजळते तोवर मागची मावळू लागलेली असते. मग सबंध चेहरा कुठे असतो? तो तुमच्या डोळ्यांत आणि मनात जुळतो. यंत्र ठिपके देतं, चित्र तुम्ही पुरं करता. मला ही गोष्ट दूरचित्रवाणीच्या साऱ्या इतिहासातली सर्वांत सुंदर वाटते. पुढे जाण्याआधी ती थोडा वेळ मनात राहू द्या.

१९३९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात आरसीए कंपनीने एक टीव्ही पारदर्शक पेटीत ठेवला होता. आत काही हातचलाखी नाही, हे लोकांना दिसावं म्हणून. त्या पेटीभोवतीच्या गर्दीत स्वतःला उभं करा. नळ्या, तारा, सगळं उघडं आहे, आणि तरीही नवल ओसरत नाही.

भारतात टीव्ही आला तोही प्रदर्शनाच्या वाटेने. दिल्लीतल्या एका प्रदर्शनात फिलिप्सने दाखवलेली सामग्री सरकारला कमी किमतीत मिळाली, युनेस्कोने मदत दिली आणि १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक प्रसारण सुरू झालं. आठवड्यातून दोनच दिवस. संच फार थोडे होते, म्हणून लोक टेलिक्लबमध्ये एकत्र बसून पाहत. मुंबई केंद्र १९७२ साली आलं.

त्याआधी, १९५६ मध्ये, पुणे आकाशवाणीने पाच मराठी जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत ग्रामीण रेडिओ मंडळांचा प्रयोग केला होता. त्या मंडळात जाऊन बसा. कार्यक्रम संपला आहे. रेडिओ बंद झाला, पण कोणी उठत नाही. शेतीविषयी जे ऐकलं त्यावर बोलणं सुरू होतं, शंका निघतात, प्रश्न केंद्राकडे धाडले जातात. यंत्र साधंच, नवं काहीच नाही. नवी होती ती ही उलट वाट, आणि माझ्या मते आपल्या प्रसारणातला सर्वांत धाडसी प्रयोग तोच.

आता आजकडे या. जपानच्या एनएचकेने २००५ च्या आइची प्रदर्शनात तीन कोटींहून अधिक ठिपक्यांचं चित्र दाखवलं. तेच तंत्र पुढे ८के म्हणून २०१८ मध्ये तिथल्या घरांत नियमित पोहोचलं. आपल्याकडे इंटरनेटशिवाय थेट मोबाइलवर प्रसारण उतरवण्याच्या चाचण्या झाल्या आहेत. आणि व्हिडिओकॉन? २०१८ मध्येच कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. चितेगावात राबलेल्या हातांची क्षणभर आठवण ठेवा. ज्या घरांनी त्या पडद्यांवर जग पाहिलं, त्यांच्यावर त्या हातांचं ऋण आहे.

पुढच्या प्रदर्शनात झगमगत्या पडद्यासमोर उभे राहाल तेव्हा ठिपके किती, हे जरूर विचारा. पण त्याच दमात हेही विचारा: हे गावात कोण पाहणार, आणि पाहणाऱ्याला उलट काही सांगायचं असेल तर वाट कुठली? उत्तर मिळेपर्यंत स्टॉलसमोरून हलू नका.