मागे वळून पाहिलं नाही



आजचा श्लोक गीतेच्या सहाव्या अध्यायातला बत्तिसावा. त्याचा गाभा एका शब्दात आहे, आत्मौपम्य. दुसऱ्याचं सुख काय, दुःख काय, हे स्वतःवरून ओळखायचं. मला टोचतं ते त्यालाही टोचत असणार, मला बरं वाटतं ते त्यालाही वाटत असणार. असं जो सगळीकडे पाहू शकतो त्या योग्याला भगवंतांनी फार वरचं स्थान दिलंय.

हा श्लोक मी गेली तीन वर्षं रोजच्या पाठात म्हणतोय. डोळे मिटून म्हणता येतो. पण मागच्या महिन्यात मुंबई-लंडन-सिएटल प्रवासात, इकॉनॉमी क्लासच्या एका सीटवर बसून, तो मला अजिबात आलेला नाही हे कळलं. ती गोष्ट सांगतो. माझी बाजू काही फार चांगली नाही तिच्यात.

मुंबईहून विमान रात्री दोनच्या सुमाराला सुटलं. लंडनपर्यंत साडेनऊ-दहा तास, तिथे तीन तास थांबायचं, मग दुसऱ्या विमानाने पुन्हा तेवढंच. ज्यांनी असा प्रवास केलाय त्यांना माहितीये, पहिल्या विमानात झोप झाली नाही तर दुसऱ्यात माणूस माणूस राहत नाही. सोमवारी सकाळी मला ऑफिसात हजर व्हायचं होतं. त्यामुळे जेवणाचे ट्रे उचलले, दिवे मंद झाले, तेव्हा डोक्यात एकच विचार होता, झोप.

आता थोडा हिशोब. इकॉनॉमीत दोन रांगांमधलं अंतर साधारण ३१ ते ३२ इंच असतं. त्यातून सीटची स्वतःची जाडी वजा करायची. उरेल त्यात गुडघे, पाय, पुढचा ट्रे आणि आपण. पुढच्याने पाठ मागे टाकली की त्यातले तीन-चार इंच जातात, आणि तेही नेमके तोंडासमोरचे.

माझ्या पुढच्याने ती टाकली. एका झटक्यात. स्क्रीन नाकाशी आला. मला राग आला आणि त्या रागातच मी माझं बटण दाबलं. मागे कोण बसलंय हे पाहिलं नाही. चढताना एक वयस्कर बाई खिडकीकडे सरकताना दिसल्या होत्या, इतकंच. इअरफोन घातले, हरिपाठ लावला आणि डोळे मिटले.

थोड्या वेळाने सीटच्या पाठीला कुणीतरी हात लावल्यासारखं वाटलं. हलकासा. मी हललो नाही. पुन्हा एकदा लागला. या वेळी कळलं की हा चुकून लागलेला हात नाही, कुणीतरी मला हाक मारतंय. आणि मी झोपल्याचं सोंग केलं.

त्या दहा सेकंदांत माझ्या मनाने जी वकिली केली ती नीट आठवते. सीट मागे नेण्याचं बटण कंपनीनेच दिलंय. तिकिटाचे पैसे मी भरलेत. माझ्या पुढचाही माझ्यावर कललाय, मी कुठे कुणाला बोललो? आणि मला सोमवारी काम आहे. चारही मुद्दे खरे होते. एकही खोडता आला नसता. तिसरा हात लागला नाही, आणि मी खरंच झोपलो.

लंडन जवळ आलं तशा सगळ्यांनी सीटा सरळ केल्या. मागून खसफस ऐकू आली, मग पाण्याच्या बाटलीचं झाकण. उतरण्यासाठी उभे राहिलो तेव्हा पाहिलं, साठी ओलांडलेल्या काकू, नऊवारी नाही, साधं सुती पातळ, वर स्वेटर. वाकून चपलेत पाय घालायचा प्रयत्न करत होत्या. पाय सुजले होते, चप्पल चढत नव्हती. मी मराठीत विचारलं, "काकू, मदत करू का?"

मराठी ऐकून त्यांचा चेहराच बदलला. साताऱ्याकडच्या. शिकागोला लेकीच्या बाळंतपणाला निघाल्या होत्या, पहिल्यांदाच विमानात. व्हीलचेअर मागितलेली, पण चालता येत नाही म्हणून नव्हे, एवढ्या मोठ्या विमानतळावर चुकू नये म्हणून. सगळं विमान रिकामं होईपर्यंत त्यांना बसून राहायचं होतं, मग मीही थांबलो. बोलता बोलता म्हणाल्या, "गोळ्यांची पिशवी घसरून तुझ्या सीटखाली गेली बघ. सकाळी सातला बीपीची गोळी असतीया माझी. वाकाय गेलं तर डोकं सीटला लागायचं. तुला हात लावला दोनदा, पण तू गाढ झोपलेलास. म्हटलं, लेकराची झोपमोड कशाला?"

त्यांच्या मनगटावरचं घड्याळ अजून भारतातली वेळ दाखवत होतं. साडेअकरा वाजत आले होते.

मी विचारलं, सीट पुढे घे म्हणून जोरात का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, "मला काय म्हाईत बाबा. मला वाटलं, असंच असतंय."

गोळी चार तास उशिरा घेतली, पण त्यांना काही झालं नाही. व्हीलचेअरवाला आला, त्या हात हलवत गेल्या. मी जांभळ्या पाट्यांमागून पुढच्या विमानाकडे निघालो, पुन्हा बॅग तपासायच्या रांगेत उभा राहिलो आणि तिथे तो बत्तिसावा श्लोक मला आठवला. माझ्या मनाचा पहिला उद्गार काय होता सांगू? "सुटलो. काही झालं नाही."

मंडळी, इथेच मला सगळ्यात जास्त लाज वाटली. काही झालं नाही यात माझं काय कर्तृत्व? गीता फळाचा आणि कर्माचा हिशोब वेगळा ठेवायला शिकवते. आपण तो हिशोब सोयीने वापरतो. यश मिळालं नाही की म्हणतो, फळाची अपेक्षा नव्हतीच. आणि चूक पचली की फळाकडे बोट दाखवून म्हणतो, बघा, कुणाचं काही बिघडलं का? फळ बरं निघालं म्हणून कर्म शुद्ध होत नाही. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या गीतारहस्यात आत्मौपम्याची चर्चा सविस्तर केली आहे आणि त्यांचा रोख याच बाजूला आहे. कर्माची परीक्षा करताना नुसता बाहेरचा परिणाम मोजू नका, करणाऱ्याची बुद्धी सम होती का ते पाहा. माझी बुद्धी त्या दहा सेकंदांत कुठे होती ते वर लिहिलंच आहे.

सिएटलला पोचल्यावर या विषयावर थोडं वाचलं. मागे कलणाऱ्या सीटवरून माणसं खरोखर भांडली आहेत. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेत नुअर्कहून डेन्वरला निघालेलं विमान अशाच भांडणामुळे शिकागोला उतरवावं लागलं. एका प्रवाशाने पुढची सीट मागे येऊ नये म्हणून प्लास्टिकचं एक अडकण लावलं होतं. त्याच वर्षी कायद्याचे दोन प्राध्यापक, ख्रिस्तोफर बुकाफुस्को आणि ख्रिस्तोफर स्प्रिगमन, यांनी ऑनलाइन लोकांना एक प्रश्न विचारला. समजा सहा तासांचा प्रवास आहे आणि सीट मागे नेण्याचा हक्क तुमचा आहे. मागच्याने पैसे दिले तर किती घेऊन तो सोडाल? लोकांनी सरासरी ४१ डॉलर मागितले. मागे बसणारे मात्र सरासरी १८ डॉलरच द्यायला तयार होते. मग त्यांनी प्रश्न उलटा केला. आता ती जागा मागच्याच्या मालकीची, पुढच्याने ती विकत घ्यायची. मागचे म्हणाले, ३९ डॉलरच्या खाली देणार नाही. पुढचे म्हणाले, आम्ही फार तर १२ देऊ.

इंच तेच, गुडघे तेच. फक्त "माझं" हा शब्द एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे गेला आणि किंमत दुपटी-तिपटीने वाढली. ममत्व म्हणजे काय हे मी प्रवचनांत खूप ऐकलंय, पण ते आकड्यांत असं कधी पाहिलं नव्हतं. माझ्या त्या चार मुद्द्यांपैकी तीन "माझं"वरच उभे होते.

उरला एक. पुढचा माझ्यावर कलला, म्हणून मी मागच्यावर. हा मुद्दा मला फार दिवस न्यायाचा वाटत आलाय, फक्त विमानात नाही. मॅनेजरला वरून दट्ट्या बसतो, तो मला देतो, मी ज्युनिअरला रात्री अकराला मेसेज टाकतो. प्रत्येक जण आपल्यावर आलेला भार मागच्यावर टाकतो आणि प्रत्येकाला वाटतं आपण फक्त बरोबरी केली. पण विमानात शेवटची रांग असते. तिच्या मागे भिंत असते, पलीकडे टॉयलेट नाहीतर पँट्री. बऱ्याच विमानांत तिथल्या सीटा मागे जात नाहीत, गेल्या तरी जेमतेम. ढकलत ढकलत आलेलं सगळं त्या रांगेतल्या माणसाच्या गुडघ्यावर येऊन थांबतं. आणि त्या काकूंची सीट शेवटच्या रांगेत नसूनही त्या शेवटच्या रांगेतल्याच होत्या. कारण आपल्यालाही मागे कलता येतं, पुढच्याला बोलता येतं, बेल वाजवून कुणाला बोलावता येतं, हे त्यांना माहीतच नव्हतं. नियम माहीत असलेल्यांनी नियमाप्रमाणे वागायचं आणि ज्यांना ते माहीत नाहीत त्यांनी "असंच असतंय" म्हणायचं. माझा हक्क खरा होता, पण तो उभा होता त्यांच्या न बोलण्यावर.

मग सीट मागे घ्यायचीच नाही का? असं मी म्हणत नाही. दहा तास ताठ बसणं हे काही तप नाही, आणि पाठदुखी असलेल्याला तर ती गरजच आहे. चूक बटण दाबण्यात नव्हती. हात लागला, कळलं, आणि तरी मी मागे वळलो नाही, ती चूक. वळलो असतो तर दोन मिनिटांत पिशवी काढून दिली असती आणि पुन्हा सीट मागे घेऊन झोपलो असतो. त्या दोघांच्या प्रश्नावलीतसुद्धा आणखी एक गोष्ट निघाली होती. नुसते पैसे म्हटल्यावर अडून बसणाऱ्यांपैकी बरेच जण, मागच्याने काही प्यायला किंवा खायला घेऊन दिलं तर सीट सरळ ठेवायला राजी होते. समोर माणूस आला की हिशोब सैल होतो. मागे न वळण्याचा फायदा हाच असतो, माणूस दिसत नाही.

आता एक अवघड प्रश्न. मला वाईट वाटलं ते नक्की कशामुळे? काकू मराठी बोलल्या, त्यांनी मला लेकरू म्हटलं, त्यांच्यात मला माझी आई दिसली. हे आत्मौपम्य झालं का? की माझं "माझं" थोडं मोठं झालं, एवढंच? मागे एखादा अनोळखी, आडदांड, आगाऊ माणूस असता आणि त्याची गोळी पडली असती तर मी इतकं लिहिलं असतं का? श्लोकात "सगळीकडे" आहे. आपल्यासारख्या दिसणाऱ्यांपुरतं नाही.

परीक्षा लगेच झाली. लंडन-सिएटल विमानात माझ्या मागे सहा फुटांच्या वरचा एक तरुण, कानांवर मोठे हेडफोन, गुडघे आधीच माझ्या सीटला टेकलेले, दर पाच मिनिटांनी एक धक्का. मनात माया वगैरे काही नव्हती. तरी वळलो आणि विचारलं, थोडी मागे घेऊ का? त्याने एक कान मोकळा केला आणि म्हणाला, अर्धी चालेल, लॅपटॉपचं काम झालं की सांगतो मग पूर्ण घे. मी अर्धी घेतली. त्याचं काम काही संपलं नाही. माझ्या पुढच्या बाईंनी मात्र न विचारता पूर्ण घेतली.

समाधान वगैरे लाभलं असेल असं तुम्हाला वाटेल. तसं झालं नाही. मनात आलं ते असं, मी मागच्याला विचारलं, मग हिने मला का नाही विचारलं? म्हणजे चांगुलपणाचीही मी लगेच पावती मागायला लागलो. पाठ दुखली, झोप झाली नाही, सोमवारी ऑफिसात डोळे मिटत होते.

पुढच्या उन्हाळ्यात माझी आई पहिल्यांदा इकडे येणार आहे, याच मार्गाने, एकटी. तिला सगळं शिकवणार आहे मी. बेल कुठे असते, सीट कशी मागे घ्यायची, पुढच्याला काय म्हणायचं, गोळ्या गळ्यातल्या पिशवीत कशा ठेवायच्या, मधेमधे उठून चालायचं, बसल्या बसल्या घोटे फिरवायचे. तरी तिच्या पुढच्या सीटवर कोण बसेल ते माझ्या हातात नाही. कुणीतरी थकलेला, सोमवारी काम असलेला, माझ्यासारखाच.

आजचा अभ्यास साधा आहे. आज दिवसभरात कुणाचा तरी हात आपल्या पाठीला लागेल. मेसेज असेल, हाक असेल, घरातल्या कुणाचं अर्धवट सोडलेलं वाक्य असेल. काही द्यायचं की नाही ते नंतर ठरवू. आधी वळून पाहू.

उद्याचा श्लोक तेहतिसावा. तिथे अर्जुन स्पष्टच शंका काढतो, की हा जो समतेचा योग तू सांगितलास तो माझ्या चंचल मनात टिकेल असं मला दिसत नाही. इतकी वर्षं मला ती शंका वाटायची, यावेळी ती माझी स्वतःची वाटली. उद्या भेटू.

राम कृष्ण हरी.